उष्ण उन्हाळ्याचे पूर्वानुमान : कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीने

फेब्रुवारी सरत असताना भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांच्या तापमानाचे पूर्वानुमान प्रसिद्ध करतो. नकाशावर उत्तर व मध्य भारत तांबड्या छटांनी भरलेला दिसला, की विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणवर्गात एक प्रश्न हमखास येतो : ऊन वाढले की कीड वाढणार, मग फवारणी आताच उरकून घ्यावी काय? या प्रश्नातील गृहीतक अर्धेच खरे आहे आणि त्यावर आधारलेला उपाय बहुधा चुकीचा ठरतो. त्याची कारणे समजून घेण्यासाठी अलीकडची दोन वर्षे पुरेशी आहेत.

मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश सेल्सिअस होते. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका उष्ण मार्च झाला नव्हता. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशातील गहू त्या वेळी दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. दाणे आकसले, उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. मार्च ते मे २०२३ या काळात मध्य भारत व लगतच्या वायव्य भागात उष्णतेच्या लाटांची शक्यता अधिक असल्याचे पूर्वानुमानही आले. प्रत्यक्षात मार्चच्या उत्तरार्धात पश्चिमी झंझावातांमुळे पाऊस, वारा व गारपीट झाली आणि अनेक ठिकाणी उभा गहू आडवा पडला.

म्हणून पूर्वानुमान निरुपयोगी ठरत नाही. तापमान सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके अथवा अधिक राहण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. तारीख सांगत नाही. तीन महिन्यांच्या शक्यतेवर पंधरवडाभरही न टिकणारे कीटकनाशक फवारणे हा हिशेबच जुळत नाही. या टप्प्यावर लाट आली नाही तरी वाया जाणार नाहीत अशीच कामे हाती घ्यावीत.

येथे 'उष्णतेची लाट' या संज्ञेची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही; शिवाय ते सरासरीहून ४.५ अंश वा अधिक असेल, तर लाटेचा निकष पूर्ण होतो. पंजाबात मार्चच्या मध्यात पारा ३४ अंशांवर गेला, तर तो सरासरीच्या बराच वर असतो. तरीही लाट जाहीर होणार नाही. गहू मात्र तोवर होरपळू लागलेला असतो आणि किडींचे जीवनचक्र वेगाने फिरू लागलेले असते. कार्यकर्त्याने लाटेच्या इशाऱ्याची वाट पाहू नये; सरासरीपासूनचा फरक पाहावा.

कीटकांचे शरीर बाह्य तापमानावर चालते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घेऊ. सुमारे १२ अंशांखाली तिची वाढ थांबते आणि अंड्यापासून पतंगापर्यंत तिला साधारण ३९० अंश-दिवस लागतात. दिवसाचे कमाल ३० व किमान १४ असेल, तर सरासरी २२. त्यातून १२ वजा केल्यास दिवसाला १० अंश-दिवस जमा होतात आणि पिढी ३९ दिवसांत पूर्ण होते. कमाल ३६ व किमान २० झाल्यास जमा १६ वर जाते आणि पिढीचा काळ २४-२५ दिवसांवर येतो. रात्रीचे तापमान या हिशेबात दिवसाइतकेच मोलाचे आहे; पूर्वानुमानाचा किमान तापमानाचा नकाशा आपण फारसा उघडत नाही, ही चूक आहे. हा सरळ हिशेब अमर्याद चालत नाही. ३५ अंशांच्या पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि अळ्यांची मरही वाढते. परंतु त्याआधीच्या उबदार आठवड्यांत लहान अळ्या पोंग्यात शिरण्यापूर्वी सापडण्याची संधी दोन-तीन दिवसांवर येते. आठवड्यातून एकदा होणारे सर्वेक्षण तेव्हा दोनदा करावे लागते. हे काम बिनखर्चाचे आहे आणि लाट आली नाही तरी फुकट जात नाही.

सर्वच किडींना ऊन मानवते असेही नाही. वायव्य भारतात गव्हावरील मावा उष्णता वाढताच व पीक पिवळे पडू लागताच आपोआप ओसरतो. पंजाब कृषी विद्यापीठाने प्रति ओंबी पाच मावा ही आर्थिक नुकसानीची पातळी दिली आहे. ती ओलांडली नसेल आणि पुढचा आठवडा उष्ण असेल, तर फवारणी टाळणे हेच शहाणपण. त्या फवारणीने ढालकिडे मात्र नक्की मरतात.

मित्रकीटकांची बाजू मला अधिक चिंतेची वाटते. भेंडी, वांगी, मिरचीवरील लाल कोळ्याला उष्ण व कोरडी हवा पोषक असते. त्याला खाणाऱ्या अनेक परभक्षी कोळ्यांची अंडी त्याच कोरड्या हवेत सुकून जातात. अशा वेळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारले, तर उरलेसुरले परभक्षीही नाहीसे होतात आणि कोळ्यांचा उद्रेक होतो. शिवाय या गटातील अनेक कीटकनाशकांची परिणामकारकता तापमान वाढेल तशी घटते. गंधक हा कोळ्यांवरचा जुना उपाय. पण ३२ ते ३५ अंशांच्या वर त्याने पाने करपतात.

पश्चिम उत्तर प्रदेशात फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवड झालेल्या उसावर उष्ण, कोरड्या हवेत खोडकिडीची गाभेमर वाढते. त्यासाठी ट्रायकोकार्ड लावले जातात. परंतु ट्रायकोग्रामा हा अर्धा मिलिमीटरचा नाजूक कीटक आहे आणि ३५ अंशांच्या वर त्याचे आयुष्य व परोपजीवीकरण दोन्ही घटते. कार्डे पाण्याच्या पाळीनंतर सायंकाळी, पानाच्या खालच्या बाजूस लावावीत. लाट चार दिवसांवर असेल, तर कार्डे आधी सोडावीत किंवा लाट ओसरेपर्यंत थांबावे. मात्र पुरवठादाराशी आधीच बोलावे, कारण शीतगृहातील कार्डेही फार काळ टिकत नाहीत. पाचटाचे आच्छादन, हलकी बाळबांधणी आणि पाण्याच्या जवळजवळ पाळ्या हे उपाय तर कोणत्याही हवामानात लाभाचेच.

मधमाश्यांचा विचार फवारणीच्या वेळेशी निगडित आहे. पोळ्यातील पिल्लांचे तापमान ३३ ते ३६ अंशांत राखण्यासाठी उन्हात त्यांना पाणी वाहावे लागते आणि त्या प्रमाणात पराग-मकरंद गोळा करणाऱ्या माश्या घटतात. खरबूज-कलिंगडाची फुले सकाळीच कामाची असतात. सकाळची फवारणी त्या मोजक्या तासांवरच घाला घालते. ती सायंकाळी करावी. न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस विषाणू व बॅसिलस थुरिंजिएन्सिस यांसारखी जैविक कीटकनाशकेही अतिनील किरणांनी निष्प्रभ होतात, त्यामुळे त्यांनाही सायंकाळच योग्य. पेट्यांच्या शेजारी सावलीत उथळ पाणी ठेवावे.

निर्णयांना तारखेचा आधार देण्यासाठी हंगामी नकाशाच्या पुढे जावे लागते. दर गुरुवारी पुढील आठवड्यांचे विस्तारित पूर्वानुमान मिळते आणि मंगळवारी व शुक्रवारी कृषी-हवामान सल्ला पत्रिका निघते. 'मेघदूत' या अॅपवरही ती पाहता येते. सर्वेक्षणाची वारंवारता गुरुवारच्या पूर्वानुमानावर ठरवावी, कार्डे व फवारणीचा दिवस पत्रिकेतील पाच दिवसांच्या अंदाजावर. सल्ल्याखाली शेतात प्रत्यक्ष मोजलेल्या किडींची संख्या व दिवसाचे कमाल-किमान तापमान वहीत लिहून ठेवल्यास पुढील मार्चमध्ये अंश-दिवसांचा हिशेब आपल्या गावाच्या आकड्यांवर मांडता येईल.