पाव इंची नळीच्या निम्मा

१९८६ साली मिरजेत मी फ्रिजचं काम शिकायला लागलो, तेव्हा पहिला धडा नळी कापायचा होता. कॉम्प्रेसर बदलायचा असला की कटरनं नळी कापायची. सुस्स आवाज व्हायचा आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम आर-१२ गॅस दुकानाच्या दारातून निघून जायचा. वास नाही, धूर नाही, पेट घ्यायची भीती नाही. नळीतला कचरा काढायलाही आम्ही त्याच गॅसचा फवारा मारायचो. "हवेपेक्षा जड आहे रे, जाऊन जाऊन जाणार कुठं?" उस्ताद म्हणायचे.

कुठं जातो ते कळायला मला वीसेक वर्षं लागली. आम्हा मेकॅनिकांना सरकारी योजनेतून दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, तिथं कळलं. जड असला तरी वारे त्याला घुसळत, मिसळत वर नेतात. काही वर्षांत तो पंधरा ते पस्तीस किलोमीटरवरच्या ओझोनच्या थरात पोचतो. थर म्हणजे पत्र्याचं छप्पर नव्हे, विरळ हवेत विखुरलेला वायू. सगळा गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणला तर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. आमच्या पाव इंची तांब्याच्या नळीच्या निम्मा!

तो बनतोही उन्हातच. ऑक्सिजनचे अणू जोडीनं राहतात. कडक अतिनील किरण ती जोडी फोडतात, आणि सुटा अणू दुसऱ्या जोडीला चिकटला की झाला ओझोन. तीन तिघाडा काम बिगाडा म्हणतात, पण इथं तिघाडाच कामाचा. त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू देणारे किरण तो अंगावर घेतो, मोडतो, पुन्हा जुळतो.

आर-१२चा गुण तोच त्याचा दोष. आधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे घातक वायू असत. अमेरिकेच्या थॉमस मिजलीनं १९३० साली हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. ना विषारी, ना पेटणारा. कशाशीच न भांडणारा हा वायू खाली मोडतही नाही. शंभरेक वर्षं टिकतो. वर मात्र कडक किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो. तो ओझोनचा एक अणू काढून घेतो, दुसऱ्या सुट्या अणूच्या गळ्यात घालतो आणि स्वतः पुन्हा मोकळा. असा एकटा क्लोरीन लाखभर ओझोन रेणू संपवू शकतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हा धोका सांगितला होता. म्हणजे मी पहिली नळी कापली त्याच्या बारा वर्षं आधी.

ओझोनच्या थराला भोक पडलं ते अंटार्क्टिकावर. तिथल्या हिवाळ्यात उणे ७८ अंशांखाली जे ढग बनतात, त्यांच्या कणांवर क्लोरीन मोकळा व्हायला तयार होतो आणि सप्टेंबरात सूर्य परतला की ओझोन झपाट्यानं घटतो. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये तिथल्या हॅली केंद्रावरची ती घट जाहीर केली. १९८७ साली असे वायू थांबवायला माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला. अंटार्क्टिकावरचा थर १९८०च्या पातळीला यायला २०६६ उजाडेल, असा अंदाज आहे.

परवा एका वाड्यातून जुना फ्रिज आला. पाटीवर आर-१२. पोरानं सवयीनं कटर उचलला. म्हटलं, "ठेव तो. आधी रिकव्हरीचा सिलिंडर आण."