एका ओळीत एक जण

नाशिकला अशोकस्तंभाच्या चौकात रिक्षा अडकून पडल्या आहेत आणि प्रत्येक रिक्षातून चार-पाच दप्तरं उतरताहेत. जूनचा मध्य. उन्हाळ्याच्या सुटीनंतर आज शाळा भरते आहे. रामवाडीच्या पुलाकडून नदीपलीकडची मुलं चालत येताहेत, काही वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून. जु. स. रुंगटा हायस्कूलमध्ये राष्ट्रगीत संपतं आणि राज्यगीत सुरू होतं. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आयाही बोलायच्या थांबतात.

मी शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी उभा आहे. आत दाखल्यांचं काम बघणाऱ्या मॅडम बसल्या आहेत. शाळेचा इतिहास स्मरणिकेत छापतात, पण तो रोजच्या रोज लिहिला जातो इथे, जनरल रजिस्टरमध्ये. मुलाचं नाव, धर्म, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. एका मुलाला एक ओळ.

खिडकीशी पुढे सातपूरहून आलेला पंचविशीतला तरुण आहे. हातात प्लास्टिकची फाईल.

“मॅडम, आजोबांचा उतारा पाहिजे होता. जात पडताळणीला लावायचाय.”

“शाळा कधी सोडली त्यांनी?”

“साल नक्की नाही. पण सदुसष्टच्या आधी.”

मॅडम आणखी काही विचारत नाहीत. हे साल त्यांना पाठ आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. ज्या घरात सातबारा नाही, खरेदीखत नाही, तिथे आजोबा शाळेत गेले होते एवढाच कागद उरतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली दप्तरांबरोबर शाळांची अशी रजिस्टरंही उघडली गेली. नातवाच्या प्रवेशाला आजोबांची हजेरी लागते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

शिपाईमामा कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर आणून टेबलावर ठेवतात. पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत, पण शाई टिकून आहे. मॅडमचं बोट रकान्यातून खाली सरकतं.

“दुसरं काही नाव होतं का आजोबांचं? घरातलं?”

तरुण फोन लावतो. पलीकडून आत्या नाव सांगते. तीन पानं मागे जावं लागतं आणि ओळ सापडते. तो वाकून वाचतो. शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर.

“शेतावर जावं लागलं असेल त्यांना,” तो म्हणतो. मॅडम मान हलवतात आणि उतारा लिहायला घेतात.

पिंपळगाव बसवंतला प्राथमिक शिक्षण झालेले विष्णू वामन शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, माध्यमिक शिक्षणासाठी आले ते याच शाळेत. तेव्हा ती न्यू इंग्लिश स्कूल होती. पुढे एचपीटी कॉलेज, १९३२ साली काळाराम मंदिर सत्याग्रहात सहभाग, १९४२ साली ‘विशाखा’, १९८७चं ज्ञानपीठ. कुसुमाग्रजांची शाळा म्हणून नाशिककर हिचा अभिमान बाळगतात आणि तो रास्तच आहे. पण रजिस्टरची पद्धत मला त्याहून मोठी वाटते. कवी होणाऱ्यालाही एकच ओळ, आणि शेतावर परत गेलेल्यालाही एकच.

या शहरात माध्यमिक शिक्षण पसरलं ते मुख्यतः शिक्षणसंस्थांमुळे. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ची, आणि ही शाळा नाशिक एज्युकेशन सोसायटीची. संस्थेने शाळा उभी करायची आणि मान्य शिक्षकांचा पगार सरकारने द्यायचा, असा हा अनुदानाचा संसार. कागदावर या शाळा खासगी. पण भाजीवाल्याचं पोर आणि दुकानदाराचं पोर एका बाकावर बसतं ते इथेच. माझ्या लेखी याच नाशिकच्या सार्वजनिक शाळा. त्यांना आज पोरं कमी पडतात. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं, म्हणून मे महिन्यात मराठी शाळांचे शिक्षक वस्त्यांतून दारोदार फिरतात. चाळीस अंशांच्या उन्हात मुलं मागत हिंडणाऱ्या या माणसांबद्दल शहराने जास्त बोलायला हवं.

तरुण उतारा फाईलमध्ये ठेवतो. त्याच्या मागची बाई पुढे सरकते. तिच्या पदराला धरून पाचवीत आलेला मुलगा.

“दाखला आणलाय, पण आधारवर नाव वेगळं पडलंय, मॅडम.”

“ताई, मी दाखल्यावरचं लिहिते. आधार तुम्ही दुरुस्त करून आणा. इथे एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.” मॅडम पेन उचलून थांबतात. “नीट बघून सांगा. वेलांटी पहिली की दुसरी?”

आई मुलाकडे बघते. मुलगा ठामपणे सांगतो, “दुसरी.”

मॅडम दाखल्याशी ताडून बघतात. बरोबर आहे. नाव लिहून होईपर्यंतही पोराला दम नाही. पाचवीच्या वर्गात पुस्तकं वाटायला सुरुवात झाली आहे आणि मामा त्याला घेऊन जिना चढताहेत.