अल्पमात्रेतील किरणोत्सर्ग आणि कर्करोगाचा धोका

अल्पमात्रेतील किरणोत्सर्ग म्हणजे साधारणपणे १०० मिलिसिव्हर्टपेक्षा कमी मात्रेचा आयनीकारी किरणोत्सर्ग होय. याहून अधिक मात्रेमुळे कर्करोगाचा धोका वाढतो, हे निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. अल्प मात्रेचा धोका मात्र इतका लहान असतो की, तो मोजणे अतिशय अवघड जाते. त्यामुळे त्याविषयीचे नियम प्रत्यक्ष मोजमापाबरोबरच सावधगिरीच्या गृहीतकावरही आधारलेले आहेत.

मात्रा आणि तिचे स्रोत

शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचा जैविक परिणाम सिव्हर्ट या एककात व्यक्त करतात. सिव्हर्टचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट. अवकाशातून येणारे किरण, खडक व माती, घरात साचणारा रेडॉन वायू आणि अन्न या नैसर्गिक स्रोतांपासून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. ही जागतिक सरासरी असून स्थानानुसार तीत मोठा फरक पडतो. छातीच्या एका क्ष-किरण चित्रणाची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा १० मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते.

शरीरात काय घडते

आयनीकारी किरण पेशीतून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात. त्यामुळे पेशीकेंद्रातील डीएनएचा रेणू थेट तुटतो किंवा पाण्यापासून निर्माण झालेल्या क्रियाशील घटकांमुळे त्याला इजा होते. बहुतेक इजा पेशी स्वतःच दुरुस्त करते. दोन्ही धागे एकाच जागी तुटल्यास दुरुस्तीत चूक राहण्याचा संभव वाढतो. अशी चूक पेशीच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या जनुकात राहिली, तर पुढे कर्करोग उद्भवू शकतो. रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच दिसू शकतो. इतर कर्करोगांना बहुधा १० वर्षांहून अधिक काळ लागतो.

अभ्यासांतील पुरावा

या विषयातील सर्वांत महत्त्वाची माहिती हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबाँबहल्ल्यांतून वाचलेल्या लोकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून मिळाली. मात्रा वाढेल त्या प्रमाणात कर्करोगही वाढतो, असे त्यात आढळले. मात्र त्या लोकांना ही मात्रा क्षणार्धात मिळाली होती.

वर्षानुवर्षे थोडी थोडी मात्रा मिळणाऱ्यांचे अभ्यास वेगवेगळे चित्र दाखवतात. केरळमधील करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग बराच अधिक आहे. तेथील सुमारे ७० हजार रहिवाशांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाचे अधिक प्रमाण आढळले नाही. याउलट फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्रेबरोबर कर्करोगाने होणारे मृत्यू वाढल्याचे दिसले. त्याच वर्षी युरोपातील नऊ देशांत लहानपणी व तरुणपणी सीटी स्कॅन झालेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ८ मिलिग्रे मात्रेचे स्कॅन झालेल्या दर १०,००० मुलांपैकी १ ते २ जणांना पुढील १२ वर्षांत किरणोत्सर्गामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, असा त्याचा अंदाज आहे.

मोजणे अवघड का?

भारतात साधारणपणे दर नऊ व्यक्तींपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता असते. म्हणजे १०,००० लोकांत हा आकडा सुमारे १,१०० होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००६ च्या अहवालानुसार, १०० मिलिसिव्हर्ट मात्रेमुळे १०० जणांमागे सुमारे एका व्यक्तीला कर्करोग होऊ शकतो. हेच प्रमाण स्थूलमानाने लावल्यास, प्रत्येकी १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळालेल्या १०,००० लोकांत सुमारे १० रुग्ण वाढतील. परंतु १,१०० या संख्येत केवळ योगायोगानेच तीसेक रुग्णांचा चढउतार होऊ शकतो. त्यात दहांची वाढ हरवून जाते. म्हणून ‘धोका आढळला नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन विधाने एकाच अर्थाची मानता येत नाहीत.

रेषीय गृहीतक

मात्रा कितीही लहान असली, तरी तिच्या प्रमाणात धोका असतोच, या गृहीतकाला ‘सीमारहित रेषीय प्रतिमान’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने ते संरक्षणाच्या हेतूने स्वीकारले आहे. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने २००५ मध्ये त्यावर आक्षेप घेतले. पेशींची दुरुस्तीक्षमता लक्षात घेता अत्यल्प मात्रेचा धोका यापेक्षा कमी असावा, असे तिचे मत होते. वाद अजून मिटलेला नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूर येथे सुरू झाले. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. केंद्राच्या परिसरातील पाणी, मासे, दूध, भाजीपाला इत्यादींचे नमुने पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तपासते. १९८३ मध्ये स्थापन झालेली, मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक परिषद मात्रेच्या मर्यादा ठरवते. सामान्य नागरिकासाठी, नैसर्गिक व वैद्यकीय मात्रा वगळून, ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. कर्मचाऱ्यांसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे.

देशातील अणुवीज केंद्रांचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांची आरोग्य सर्वेक्षणे टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने झाली. त्यांत कर्करोगाचे वाढीव प्रमाण आढळले नाही. मोठा धोका नाही, एवढे या निष्कर्षातून खात्रीने म्हणता येते. वर सांगितलेल्या कारणामुळे अत्यंत लहान धोका मात्र अशा सर्वेक्षणातून दिसूही शकत नाही आणि नाकारताही येत नाही.

रुग्णांसाठी अर्थ

वैद्यकीय तपासण्यांना वरील मर्यादा लागू नसतात, कारण त्यांत धोक्याबरोबर लाभही असतो. आवश्यक सीटी स्कॅन भीतीपोटी टाळल्यास आजाराचे निदान लांबते, आणि ते नुकसान किरणोत्सर्गाच्या धोक्यापेक्षा बहुधा मोठे असते. विनाकारण किंवा वारंवार केलेली तपासणी मात्र टाळावी. मुलांच्या बाबतीत अधिक दक्षता घेतात, कारण त्यांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढील आयुष्यही दीर्घ असते. पूर्वीच्या तपासण्यांची चित्रे जपून ठेवणे आणि गरोदरपणाची शक्यता आधी सांगणे उपयुक्त ठरते. सोनोग्राफी व एमआरआय यांत आयनीकारी किरणोत्सर्ग नसतो. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरीही आयनीकारी नाहीत. त्यामुळे या लेखातील आकडे त्यांना लागू होत नाहीत.