दार कुणाचं?

लोहगडवाडीतलं आमचं घर विकायचा व्यवहार चार बैठकांत उरकला. मुलाचं कॉलेज, सासूबाईंचे गुडघे आणि तळेगावातला दवाखाना या तिन्हींनी मिळूनच तो निर्णय घेतला, असं म्हटलं तरी चालेल. घर घेणारं कुटुंब चिंचवडचं. गडावर येणाऱ्यांसाठी त्यांना जेवणाखाण्याची सोय करायची होती. सगळं कसं गोडीत झालं. वाजलं ते सामान बांधताना, आणि तेही आमचं आमच्यातच!

आमचे हे पाना-पकड घेऊन स्टुलावर चढले. "चारही पंखे आपले, गीझर आपला, पडवीवरची टाकी आपली. पैसे आपणच मोजलेत ना?" मोजले होते, खरंच. पण घर बघायला आलेल्या वहिनींनी गीझरचा नळ सोडून पाहिला होता. "तुमच्याकडच्या पावसात गरम पाणी हवंच हो," असंही म्हणाल्या होत्या. म्हणजे किमतीत गीझर त्यांनी धरलाच असणार की!

मैत्रिणींनो, याबाबतीत मी स्वतः पोळलेली आहे. लग्नानंतर काही वर्षं आम्ही लोणावळ्यात भाड्याने राहिलो. पहिल्या रात्री दिव्याचं बटण दाबलं तर वर होल्डरच नाही. आधीच्या बिऱ्हाडाने होल्डर, नळाच्या तोट्या, इतकंच काय, भिंतीतल्या खुंट्याही उपटून नेलेल्या. मेणबत्तीच्या उजेडात पिठलं-भात खाताना त्या न पाहिलेल्या बाईच्या नावाने मी किती बोटं मोडली असतील!

बचत गटाच्या कामामुळे एका वकीलताईंशी ओळख आहे. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्यातल्या आठव्या कलमानुसार घर विकलं की त्याबरोबर कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घरात कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तूही जातात. काही वगळायचं असेल तर तसं आधीच स्पष्ट ठरवायला हवं. भाडेकरूचं वेगळं. करारात दुसरं काही नसेल तर १०८व्या कलमाप्रमाणे त्याने स्वतः बसवलेलं तो जागा सोडण्याआधी काढून नेऊ शकतो, पण जागा मिळाली तशी परत करायची. म्हणजे खुंट्या न्या, पण भोकं बुजवा.

मी हे सगळं मोठ्याने सांगत होते. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "अडसरसुद्धा लिहिलाय कायद्यात? मग माझं दार गं?"

इथे मात्र मी गप्प झाले.

त्यांचं माहेर पवनेकाठचं. सत्तर सालच्या आगेमागे धरणाचं पाणी चढणार म्हणून माणसांनी आपली घरं आपल्याच हातांनी उतरवली. तुळया, वासे, कौलं, जे निघेल ते गाड्यात घातलं. त्यांच्या वडिलांनी पुढचं सागवानी दार चौकटीसकट लेकीला दिलं. बैलगाडीने दुधिवरे खिंडीतून ते वर आलं आणि आमच्या घराला लागलं. ते घर पाण्याखाली गेलं. त्याचं हे एवढंच उरलं.

"आमच्या गावावरचं पाणी चिंचवडच्या नळाला गेलं," सासूबाई म्हणाल्या, "आता दारही त्यांनाच देऊ?"

चिडून नाही म्हणाल्या, पण मला जेवण गेलं नाही. कायदा त्या वहिनींच्या बाजूने, आणि चूकही आमचीच. सौदा ठरताना दाराचं बोलायला हवं होतं. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रोज उघडतो-लावतो त्या वस्तूचा कोण विचार करतं?

रात्रभर विचार करून सकाळी वहिनींना फोन लावला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पंखे, गीझर, टाकी ठेवतो, आमच्या खर्चाने नवीन दार बसवून देतो, पण हे दार आम्हाला नेऊ द्या. पलीकडे बराच वेळ शांतता. "आम्हाला तर ते दार बघूनच घर आवडलं होतं हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तर माझी तक्रार नाही.

रविवारी त्या दोघं आले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि कडी कुठे झिजली आहे ते दाखवलं, बस्स. जाताना वहिनीच म्हणाल्या, "आजी, न्या तुम्ही." ठरलं ते कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. यांचं तोंड गीझरसाठी दोन दिवस वाकडं होतं.

सुताराने चौकटीला हात लावायला साफ नकार दिला. "भिंत मातीची आहे ताई, चौकट काढली तर भिंतच येईल." तेव्हा चौकट तिथेच राहिली, दोन फळ्या तेवढ्या निघाल्या. वाडीतून भाज्याला उतरलं की लेणी लागतात. तिथल्या चैत्यगृहाचा लाकडी दर्शनी भाग केव्हाच गेलाय, पण तो बसवायच्या खाचा खडकात अजून दिसतात. त्या दिवशी रिकाम्या चौकटीकडे बघताना मला त्याच आठवल्या.

तळेगावच्या फ्लॅटला दार अर्थातच बसलं नाही. फळ्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवल्यात. दिवेलागणीला सासूबाई कडीला हळदकुंकू लावतात, आणि सायकलला जागा उरली नाही म्हणून मुलगा रोज कुरकुर करतो.