घुमणाऱ्या चाकाचा तपास
(जुनी गाडी सांभाळताना : भाग ९)

गेल्या भागात ब्रेकचे पॅड आणि लायनर पाहिले. आज त्यांच्या शेजारचंच दुखणं घेऊ : चाकातून येणारा आवाज. दहा-बारा वर्षं झालेल्या गाडीत तो कधी ना कधी सुरू होतोच. मग आपण गॅरेजमध्ये जाऊन तोंडाने घूंऽऽ, घर्रर्र करून दाखवतो आणि मिस्त्री हातातलं काम न सोडता म्हणतो, ‘‘बेअरिंग गेलंय.’’ पुष्कळदा ते खरंही निघतं. पण नुसत्या आवाजावरून पार्ट बदलायला घेणं म्हणजे जुगार. वेडावाकडा झिजलेला टायरही घूंऽऽ करतो आणि गेलेलं बेअरिंगही. काचा लावून आत बसल्यावर दोन्हींतला फरक तयार कानालाही चटकन कळत नाही. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो, हे शोधायला हवं.

आधी इंजिनाला बाजूला काढू. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ६०चा वेग धरा आणि तोच वेग ठेवून चौथ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये या. इंजिनाचे फेरे वाढले, चाकांचे तेवढेच राहिले. आवाज जसाच्या तसा असेल तर इंजिन सुटलं. खात्रीसाठी क्षणभर न्यूट्रल करून बघा. (इंजिन बंद करायचं नाही. किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होतं, आणि ब्रेकला मिळणारी मदतही फार वेळ टिकत नाही.)

आता ताल. मारुती ८००च्या १२ इंची चाकावरच्या १४५/७० टायरचा घेर साधारण १.६ मीटर भरतो. म्हणजे ताशी १० किलोमीटरला ते चाक सेकंदाला पावणेदोन फेरे घेतं, २०ला साडेतीन. एवढे ठोके सहज मोजता येतात. सोसायटीच्या आवारात हळू चालवताना ‘टक... टक... टक’ याच चालीने येत असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच काहीतरी आपटतंय : टायरमध्ये रुतलेला खडा, टायरला आलेला फुगा, वाकलेली रिम किंवा ढिला नट. नुकतंच पंक्चर काढून घेतलं असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी पाना घेऊन नट तपासा. बेअरिंग कुरकुरत महिनाभर चालेलही. ढिला नट तेवढी सवलत देत नाही.

ठोके न मोजता येणारी, वेगाबरोबर चढत जाणारी सलग घूंऽऽ असेल तर संशयित दोनच उरतात, टायर आणि बेअरिंग. इथे रस्ता आपल्या बाजूने साक्ष देतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा, समृद्धीही काँक्रीटचा. तसल्या खरबरीत पृष्ठभागावर धडधाकट गाडीही गुणगुणते, त्यामुळे तिथे निदान करायला बसू नये. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर उतरल्याबरोबर आवाज पडला किंवा त्याची जात बदलली, तर टायरकडे बघा. खाली डांबर आहे की काँक्रीट, याचं बेअरिंगला काही घेणंदेणं नसतं.

टायरची झीज डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते. गाडी उभी असताना, टायरला तार-खिळा नाही ना हे पाहून, नक्षीवरून तळवा एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने मऊ लागतं आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीसारखी बोटांना अडते? मग अलाइनमेंट गेलेलं आहे. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलाय आणि चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. तरीही शंका असेल तर एकाच बाजूचे पुढचे-मागचे टायर आपसांत बदला. आवाज पुढून मागे गेला, की निकाल लागला. सुट्टीनंतर महिनाभर उभी राहिलेली गाडी सकाळी धपधपते आणि चार-पाच किलोमीटरनंतर गप्प होते, ते टायर एका जागी दबून चपटे झाल्यामुळे. त्यावर पैसे घालवू नयेत.

बेअरिंगची परीक्षा वळणावर होते. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर कलतं. घाटातल्या लांब उजव्या वळणावर आवाज चढला आणि डाव्या वळणावर उतरला, तर संशय डाव्या बाजूवर. पण यावर डोळे झाकून विसंबू नका. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात, आणि कुठली ओळ खराब आहे त्यानुसार कौल उलटाही पडतो. शिवाय आवाज पत्र्यातून फिरत येतो. डावीकडचा उजवीकडून आल्यासारखा वाटतो.

म्हणून शेवटी जॅक. सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड, जॅकखेरीज स्टँडचा आधार, आणि शरीराचा कुठलाही भाग गाडीखाली नाही. उचललेल्या चाकाच्या स्प्रिंगवर एक हात हलकेच ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग स्प्रिंगला पत्ताही लागू देत नाही. खराब असेल तर बारीक, कचकचीत थरथर बोटांना येते, कानाला काही ऐकू येत नसतानाही. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग; तसाच राहिला तर बॉल जॉइंट पाहायचा. डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळ आला तर बहुधा टाय रॉड एंड. खेळ कुठलाही असो, ती गाडी हायवेला काढायची नाही.

उरलेले आवाज सोपे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलताना पुढून कटकट येते ती एक्सलच्या जॉइंटची. त्याचा रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. पावसाळ्यात सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, तो डिस्कवर रात्रीत चढलेला गंज.

पावसाळ्याचा बेअरिंगशी मात्र खरा वैरभाव आहे. चालून तापलेला हब तुंबलेल्या पाण्यात एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे ठिपके पडतात आणि दिवाळीच्या सुमारास घूंऽऽ सुरू होते. तोवर ते पाणी कोणाच्या लक्षातही नसतं.

बदलायची वेळ आली तर एकच हट्ट धरा : बेअरिंग प्रेसवर बसवून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलं, की त्या मारानेच गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि कोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमायला लागतं. मग दोष कंपनीच्या मालाला जातो. प्रेस नसलेला मिस्त्री हब सुटा करून प्रेसवाल्याकडे पाठवतो. अर्धा दिवस जास्त जातो, तो जाऊ द्यावा. काढलेलं बेअरिंग मागून घ्या आणि बोटांवर फिरवून बघा. ते खरखर न करता गपचूप फिरलं, तर बिल देण्याआधी मिस्त्रीला सोबत घेऊन गाडीची एक ट्रायल मारा.

पुढच्या भागात : थकलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर.