वर्ध्याहून सेवाग्रामला... पायी!

मैत्रिणींनो, आजीची पैठणी आपण मलमलच्या फडक्यात गुंडाळून जपतो. जुनं देऊळ, जुना वाडा जपायला हवा, हेही आपल्याला पटतं. पण रस्ता कुणी जपतं का? रस्ता म्हटला की आठवतात खड्डे, धूळ आणि उशिरा येणारी एस.टी. तरीही आज मी तुम्हाला एका रस्त्याबद्दलच सांगणार आहे. लांबी उणीपुरी आठ किलोमीटर. वर्धा ते सेवाग्राम.

चिखलातली वाट

३० एप्रिल १९३६. आपल्याकडचा एप्रिल म्हणजे काय, हे विदर्भातल्या बायकांना सांगायला नको. त्या दिवशी ६६ वर्षांचे गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून निघाले आणि पाच मैल पायी चालत शेगाव नावाच्या लहानशा खेड्यात राहायला गेले. गावाची मालगुजारी जमनालाल बजाजांची. पण धड रस्ता नाही, पोस्ट नाही. पावसाळ्यात तर काळ्या मातीचा असा चिखल, की एकेका पायाला शेरभर माती चिकटावी!

या वाटेची एक गंमत सांगतात. जमनालालजींच्या जुन्या फोर्ड मोटारीला चक्क बैल जुंपले होते. इंग्रजीत बैल म्हणजे 'ऑक्स', म्हणून त्या गाडीचं नाव पडलं 'ऑक्स-फोर्ड'!

दुसरी गंमत टपालाची. गांधीजींची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. हा घोटाळा टाळायला १९४० मध्ये गावाचं नाव 'सेवाग्राम' झालं.

याच वाटेने १९३८ मध्ये इंग्लंडचे लॉर्ड लोथियन आले आणि आश्रमात राहिले. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर टांग्यातून हादरे खात आले, आठवडाभर राहिले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढच्याच महिन्यात काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात 'चले जाव'चा ठराव केला.

आणि बायका? त्यांची नावं आपण मागे ठेवतो. गांधीजींच्या आधीच शेगावात राहायला गेल्या होत्या मीराबेन. पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झालेल्या राजकुमारी अमृत कौर इथल्याच. नई तालीमच्या शाळेसाठी झटणाऱ्या आशादेवी आर्यनायकम् इथल्याच. डॉ. सुशीला नायर यांनी इथे दवाखान्याचं काम केलं, त्यातून कस्तुरबा रुग्णालय वाढलं आणि १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. गांधीजी २५ ऑगस्ट १९४६ रोजी या वाटेने गेले ते पुन्हा आलेच नाहीत. वाट मात्र थांबली नाही. आज तिच्यावरून सर्वांत जास्त कोण जात असेल, तर रुग्ण आणि डबा घेऊन निघालेले त्यांचे घरचे लोक.

रस्ता रुंद झाला, सावली गेली

वाटेची सडक झाली. ती रुंद व्हायला हवी यातही वाद नाही, कारण रुग्णवाहिकेला खोळंबा परवडत नाही. पण २०२० मध्ये रुंदीकरणासाठी दोन्ही कडांची जुनी, मोठी झाडं पडू लागली. गांधीजींच्या काळातली झाडं म्हणून लोक ज्यांच्याकडे बोट दाखवत, तीसुद्धा. वर्ध्यातली माणसं पुढे आली, झाडांना बिलगून उभी राहिली, आणि तोड थांबवावी लागली. तोवर बरीच सावली गेली होती.

२०२१ मध्ये राज्याच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षांपेक्षा जुन्या झाडाला 'हेरिटेज ट्री' म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. पण पाहा ना, हा कायदा शहरी भागाचा. आपली ही वाट शहरातून निघते आणि खेड्यात पोचते. मग पुढच्या झाडांनी काय करावं?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सातवीच्या वर्गात हे सांगत होते तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, झाडं पडली तर पायी जाणाऱ्यांनी बसायचं कुठं?" पुस्तकात नसलेला प्रश्न तो हाच.

परदेशातला एक न्हावी

जुन्या रस्त्याची अशीच गोष्ट अमेरिकेत घडली आहे. शिकागोहून थेट पॅसिफिक समुद्राकडे जाणारा, सुमारे ३,९०० किलोमीटरचा 'रूट ६६' हा रस्ता १९२६ मध्ये नकाशावर आला. दुष्काळात घरदार सोडून निघालेली कुटुंबं त्याच रस्त्याने गेली. तिथले लोक त्याला 'मदर रोड' म्हणतात. म्हणजे आईच की! पुढे शेजारून मोठे वेगवान महामार्ग झाले आणि १९८५ मध्ये या रस्त्याचा क्रमांकच रद्द झाला. वाटेवरच्या खाणावळी, पेट्रोलपंप, दुकानं ओस पडली.

तेव्हा ॲरिझोनातल्या सेलिग्मन या लहान गावातला एक न्हावी, एंजल डेलगाडिलो, उठला. शेजारपाजारच्यांना जमवून १९८७ मध्ये त्याने संस्था काढली आणि सरकारकडून 'ऐतिहासिक रस्ता' अशा पाट्या लावून घेतल्या. लोक पुन्हा मुद्दाम त्या रस्त्याने येऊ लागले. तिथे ना किल्ला होता ना राजवाडा. जपलं ते साध्या माणसांचं जाणं-येणं. २०२६ हे त्या रस्त्याचं शंभरावं वर्ष, आणि आपल्या पायवाटेचं नव्वदावं!

आपण काय करावं?

तुम्ही म्हणाल, घर-संसार सांभाळून आम्ही रस्ता कुठं सांभाळू? अवघड काही नाही.

पहिलं, चाला. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन सकाळी लवकर निघा. दोन तासांत आश्रम येतो. सोबत पाणी, दुपट्टा, आणि वर्ध्याचा गोरसपाक विसरू नका.

दुसरं, मोजा. शिवणाची टेप घ्या. झाडाचं नाव, छातीच्या उंचीवरचा घेर आणि रस्त्याची कुठली बाजू, एवढं वहीत लिहा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक बांधकाम विभागाला द्या. लेखी नोंद असली की झाड गुपचूप नाहीसं होत नाही.

तिसरं, जगवा. मृगात रोप लावून फोटो काढणं सोपं, खरी परीक्षा नवतप्यात. कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ लावा, पण रस्त्याची हद्द विचारून. जुन्या मडक्याच्या तळाला बारीक भोक पाडा, त्यात सुती वात घाला आणि मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा. आठवड्यातून एक-दोनदा भरलं तरी मुळाशी ओल राहते. असे दोन-तीन उन्हाळे निभवायचे.

चौथं, विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या वाटेच्या बंड्या, दमण्या, टांगे आठवत असतील. ते आताच लिहून ठेवा.

पैठणी पेटीत ठेवून जपता येते. रस्त्याचं तसं नाही, बरं का. त्याला वापरूनच जपावं लागतं, आणि तेही पायी चालणाऱ्याला डोक्यावर थोडी सावली मिळेल अशा बेताने. तेव्हा पुढच्या वेळी कुणाला भेटायला सेवाग्रामच्या दवाखान्यात जाल, तेव्हा खिडकीतून बाहेर पाहा आणि उभी असलेली जुनी झाडं मोजा. तो आकडा पुढच्या वर्षी कमी होऊ द्यायचा नाही.