‘चांगला चाकू कोणता?’ हा संशोधन प्रश्न का नाही

पेट झाली, आता प्रपोजल लिहायचंय, पण प्रश्न नेमका कसा मांडायचा, असं विचारणारे बरेच मेसेज आलेत. आज उत्तर जरा आडवाटेनं देतो, खिशातल्या घडीच्या चाकूवरून. ज्यांना ट्रेकसाठी खरंच चाकू घ्यायचाय त्यांचंही काम होईल.

आधी माझा किस्सा. ट्रेकला नेण्यासाठी चाकू घ्यायचा म्हणून मी दोन आठवडे रिव्ह्यू वाचले, स्टीलच्या कडकपणाचे आकडे एक्सेलमध्ये भरले आणि बजेटमध्ये बसणारा सगळ्यात कडक पात्याचा चाकू मागवला. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, आसनगावला उतरून माहुली. वर ताडपत्री बांधायला खुंटी हवी म्हणून काठीला टोक काढत होतो. पात्याचं टोक लाकडात रुतलं, मी जोर लावला आणि पातं मिटून थेट उजव्या तर्जनीवर आलं. तीन टाके पडले. चाकूला लॉकच नव्हतं. नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर पातं उघडं राहायचं.

स्टील उत्तम होतं, आकडेही बरोबर होते. फक्त मी चुकीची गोष्ट मोजली होती. ‘चांगला’ म्हणजे कोणत्या कामासाठी चांगला, हे ठरवलंच नव्हतं. प्रपोजलमध्ये ‘कार्यक्षम उत्प्रेरक शोधणे’ असं लिहिलं की गाईड लाल पेनानं ‘कशासाठी?’ विचारतात, तेच हे.

आधी काम, मग वस्तू

आठवडाभर कागदावर लिहा की चाकू कुठे लागला असता. पार्सलची टेप, सुतळी, सफरचंद, दुधाची पिशवी. या कामांना ६-७ सेंटीमीटरचं पातं पुरतं आणि स्प्रिंगवाला साधा चाकूही चालतो. काठी तासणं, जाड दोर कापणं यात हाताचा जोर लागतो, तिथे लॉक हवंच. आणि लाकूड फोडायचं असेल तर घडीचा चाकू हे हत्यारच नाही. मुरबाड-शहापूरकडचे आदिवासी कमरेला कोयता लावतात तो उगाच नाही.

सगळं एकदम मिळत नाही

पात्याचा कडकपणा रॉकवेल सी मापानं सांगतात. हिऱ्याचा शंकू ठरावीक भारानं स्टीलवर दाबायचा आणि तो किती खोल गेला ते बघायचं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण ५६ च्या आसपास असतं, डी-२ स्टीलचं बरेचदा ६० च्या आसपास. आकडा मोठा म्हणजे धार जास्त टिकण्याची शक्यता. पण त्याच स्टीलमध्ये कडकपणा वाढवला की चिवटपणा कमी होतो, कडेचे कपचे उडू शकतात आणि घरच्या दगडावर धार लावताना घाम निघतो.

तिसरी भानगड गंजाची. साधारण १०.५ टक्क्यांहून जास्त क्रोमियम असेल तर स्टीलला स्टेनलेस म्हणतात. डी-२ मध्ये ते १२ टक्क्यांच्या आसपास असतं, तरीही ते डागाळतं. असं का? कारण त्यात कार्बन दीड टक्क्याच्या घरात असतो. बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी कार्बाइड करून अडकतं आणि गंज रोखणारा थर बनवायला कमी उरतं. म्हणजे एकूण प्रमाण वाचून भागत नाही, त्यातलं मोकळं किती ते बघावं लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा फरक लगेच दिसतो. आणि जाहिरातीत ग्रेड न देता नुसतं ‘सर्जिकल स्टील’ लिहिलं असेल तर तो डेटा नाही, विशेषण आहे.

एकच गोष्ट बदलून बघा

फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० मध्ये सुरू झालेल्या ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू कार्बन स्टील आणि स्टेनलेस अशा दोन्ही पात्यांत मिळतो. पातं दोन्हीकडे साडेआठ सेंटीमीटर आणि घडणही तीच. स्टीलचा परिणाम बघायला याहून सोपी जोडी नाही. तरी एक खाच आहे. कंपनीतून आलेली धार दोन्हींची सारखीच असेल असं धरू नका. आधी दोन्हींना एकाच दगडावर, एकाच कोनात धार लावा आणि मग पुठ्ठा कापत किती कापांनंतर वर्तमानपत्राचा कागद फाटायला लागतो ते मोजा. हे केलं नाही तर तुम्ही स्टील नाही, धार लावणाऱ्याचा हात मोजताय.

आणखी एक गंमत. त्याची लाकडी मूठ ओल धरून फुगते आणि पातं उघडायला जड जातं. कोरड्या खोलीतल्या चाचणीत हे कळणारच नाही. म्हणून चाचणी जिथे वापर होणार तिथल्या हवेत करायची.

लॉक

ओपिनेलला १९५५ पासून फिरवायचं कडं आहे. लायनर लॉकमध्ये मुठीतली पत्र्याची पट्टी पात्यामागे येऊन अडकते, तर बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची खिट्टी. घेताना बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, उघडं पातं मागून हलकेच दाबून बघा. डुगडुगलं तर परत ठेवा. लॉक असलं तरी पात्याच्या पाठीवर जोर द्यायचा नाही.

नियम मुळातून वाचा

‘९ इंचांखालचा चाकू कायदेशीर’ हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे आहे. ते शस्त्र नियमांतून येतं. त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळली आहेत. पण गोष्ट तिथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी चाकूसुद्धा बाळगायला मनाई करू शकतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली एकाच आयुक्तालयात येतात आणि सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतात. म्हणून ट्रेकच्या दिवशी आदेश बघा, चाकू खिशात नको, सॅकच्या तळाशी ठेवा. बाकी दिवशी ‘रोज जवळ’ हवीच असेल तर छोटी कात्री बहुतेक कामं करते. विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही.

आता गृहपाठ. तुमच्या प्रपोजलचं पहिलं वाक्य काढा आणि त्यातला ‘उत्तम’, ‘प्रभावी’, ‘कार्यक्षम’ असा शब्द खोडा. त्या जागी काम काय, कुठल्या परिस्थितीत, कशाशी तुलना आणि काय मोजणार, हे चार तुकडे लिहा. वाक्य लांबलं तरी चालेल. जमलं नाही तर कमेंटमध्ये टाका, मिळून दुरुस्त करू.